सागाची चोच

सीबच्या जुन्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, आमच्या दोन खोल्या होत्या, मधे वाळूचं अंगण, आणि अंगणाच्या भिंतीला कायम टेकवलेल्या फळ्या. त्या फळ्यांच्या वासानेच मला जाग यायची. साग असेल तर तेलकट वास, आंबा असेल तर आंबूस. अब्बा होड्यांचे सुतार. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीवर त्यांच्या बापाने गलबतं बांधली, आणि अब्बांनी इथे मस्कतच्या बाजूला येऊन अरबांच्या मोडक्या होड्या पुन्हा पाण्यावर उभ्या केल्या. मी चौथीत मास्तरांशी भांडून शाळा सोडली होती, ती पुन्हा धरली नाही. अठरावं लागलं तेव्हा अब्बांनी मला, आईला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, ताहेराआपाला, इकडे आणलं. लिहिता येतं तेवढं मला पुरेसं आहे. हे लिहितोय तेही माझं मीच. नात शुद्धलेखन तपासते, पण वाक्य बदलायला आली की मी वही ओढून घेतो.

त्या घरातले आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटेची अजान, मग आपाच्या शिलाई मशीनची खडखड, मग अंगणात अब्बांचा रंधा. अब्बांच्या रंध्याला एक लय होती, दोन लांब हात आणि एक आखूड, आणि आई त्या लयीत भाकऱ्या थापायची असं आपा हसून म्हणायची. तांदळाची भाकरी, कोकम घातलेलं बांगड्याचं कालवण, आणि शुक्रवारी नारळाच्या दुधातली सांदणं. इथल्या सुरमईला आईने कधी मनापासून मासा मानलं नाही. "नुसतं मांस हाय, चव कुटं हाय?" म्हणायची आणि दोन वाट्या कालवण संपवायची.

आमचे अर्बाब होते सालेमसाहेब. अर्बाब म्हणजे मालक, आणि मालक म्हणजे नुसता कामाचा पैसा देणारा नव्हे. आमच्या चौघांचे व्हिसे त्यांच्या नावावर होते आणि पासपोर्ट त्यांच्या कपाटात. माणूस चांगला होता, आवाज चढवायचा नाही. पण चांगल्या माणसाच्या कपाटात असला तरी पासपोर्ट तो पासपोर्टच. तरुणपणी ते जहाजावर नोकरीला होते, आणि फिरत फिरत अमेरिकेच्या थंड किनाऱ्यावर काही वर्षं राहून आले होते. तिथून त्यांनी एक वेड बरोबर आणलं होतं. ते आम्हाला ठाऊक नव्हतं. अझैबाला त्यांनी नवं घर बांधलं, दारं बसवायला आम्हाला नेलं, तेव्हा ते दिसलं.

मजलिसीच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, शेजारी एक खोली होती. अर्बाबांनी दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबलो. खोलीभर बदकं बसली होती. फळ्यांवर, खिडकीत, जमिनीवर अंथरलेल्या चटईवर. काही मान ताठ करून, काही मान पाठीत खुपसून झोपलेली, एक पंख साफ करायला वळलेलं, एक नुकतंच काहीतरी ऐकल्यासारखं. सगळी एकाच बाजूला तोंड करून होती, समुद्राकडे. क्षणभर मला वाटलं, मी खोकलो तर सगळी उडतील. मी खरंच श्वास रोखला होता. अब्बा मागून म्हणाले, "काय रं, भूत बघितलंस?" आणि पुढे होऊन त्यांनी एकाच्या पाठीवर टिचकी मारली. लाकडाचा आवाज आला.

अर्बाबांची हिंदी आमच्यापेक्षा बरी होती. ते सांगत गेले आणि मी ऐकत गेलो. तिकडच्या दलदलीत राहणारे म्हातारे हिवाळ्याआधी घरात बसून, चाकूने, ही बदकं कोरायचे. मग पहाटे ती पाण्यावर सोडायची आणि आपण गवतात लपायचं. वरून जाणाऱ्या खऱ्या थव्याला वाटायचं की खाली आपलीच माणसं निवांत चरताहेत. ती उतरायची, आणि मग बंदूक. "सब मर गए बनाने वाले," अर्बाब म्हणाले. "अब लोग इनको काँच में रखते हैं। पुराना जितना, उतना अच्छा।" त्यांनी एक माझ्या हातात दिलं. मी वजन धरायच्या तयारीने हात कडक केले होते, आणि ते बदक एखाद्या रिकाम्या शहाळ्यासारखं हलकं निघालं. आतून पोकळ. पोटाखाली कोणाच्या तरी नावाची दोन अक्षरं तापल्या सळईने डागलेली, आणि कुशीत बारीक बारीक भोकं. कोणीतरी आपल्याच बदकाला खरं समजून गोळी घातली होती. नातीने परवा मला ह्या वस्तूचं इंग्रजी नाव सांगितलं, डिकॉय. "नाना, मीन्स... फसवणारं," ती म्हणाली. तिचं मराठी असं अडखळत येतं, पण तो शब्द तिला बरोबर सापडला. फक्त मला तेव्हा त्यात फसवणूक दिसली नव्हती. एका माणसाने पक्ष्याकडे इतकं बघितलं होतं, की पक्ष्यालाही संशय येऊ नये. एवढं बघणं मी माझ्या आयुष्यात कशाकडे बघितलं होतं? मला एकदम आपले हात रिकामे वाटले.

आठवड्याभरात अर्बाब स्वतः आमच्या घरी आले, हातात आपल्या डोक्याच्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. रुमाल सोडला. लांब मानेचं, टोकदार शेपटीचं बदक होतं, आणि मान धडापासून वेगळी. घरातल्या लहान मुलाने पाडलं होतं. चोच तर चुरा होऊन गेली होती. अर्बाबांचा चेहरा घरात कोणी आजारी असल्यासारखा होता. "मिस्त्री, ये मेरी सबसे पुरानी है।"

अब्बा म्हणाले, "अर्बाब, हम नाव बनाता है। खिलौना नहीं बनाता।" हे खरं होतं. खेळणी, देव्हारे, नक्षी, असल्या कामाला अब्बा हात लावायचे नाहीत. त्यांच्या मते लाकूड दोनच कामांसाठी जन्माला येतं, होडी आणि दार. पण बोलता बोलता त्यांनी ते धड उलटं केलं. बुडाला मधोमध शिशाची एक पट्टी ठोकलेली होती. अब्बांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, धड तळहातावर ठेवून तोललं, परत अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "ह्याला नीरम हाय रं."

नीरम म्हणजे गलबताच्या तळाशी भरतात ते वजन, ज्याच्या जोरावर ते वाऱ्यात उलटत नाही. दगड भरतात, वाळू भरतात. नीरम फक्त पाण्यावर जाणाऱ्या वस्तूला असतं. त्या एका शब्दाने ते बदक खेळण्यांतून उठून होड्यांत जाऊन बसलं. "ठेवून जा," अब्बा अर्बाबांना म्हणाले. अर्बाबांना काय झालं ते कळलं नाही, पण ते खूश होऊन गेले.

मान अब्बांनी बसवली. आत लाकडी खुंटी, बाहेर सांधा असा की बोट फिरवून कळू नये. चोच मी करणार, हे मीच जाहीर केलं. अब्बांनी वाद घातला नाही. ते फक्त म्हणाले, "पेटीचं लाकूड घे. हलकं हाय." मी ऐकलं नाही. ते बदक ज्या लाकडाचं होतं त्याला शिसपेन्सिलीचा वास होता, आणि तसं लाकूड इथे कुठून आणायचं? पण म्हणून खोक्याची चोच? पाण्यात जाणाऱ्या वस्तूला साग, हे मी अब्बांकडूनच शिकलो होतो आणि आता ते मलाच उलटं सांगत होते. मी सागाचा तुकडा घेतला. आजही मी सागच घेईन. शुक्रवारची नमाज झाली की मी अंगणात बसायचो, आणि त्या चोचीसाठी मी समुद्रावर जाऊन जिवंत पक्ष्यांच्या चोची बघून आलो, कोंबड्यांच्या बघितल्या, आपाने मला चिडवून तिच्या नाकाचाही नमुना देऊ केला. चोचीचा वरचा भाग थोडा खोलगट असतो, हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं पक्षी बघितले होते आणि चोच बघितली नव्हती.

चोच बसली, रंग जुळला. अर्बाबांचा ड्रायव्हर न्यायला आला. आणि अब्बा म्हणाले, "काम झालं नाय अजून."

आमच्यात रीत आहे. होडी दुरुस्त झाली की ती सुताराची असते. मालकाने पैसे दिलेले असोत, रंग वाळलेला असो, सुतार ती स्वतःच्या हाताने पाण्यावर सोडतो, तिचं बसणं बघतो, आणि मग दोर मालकाच्या हातात देतो. त्याआधी मालकाने होडी नेली तर ती बुडाल्यावर दोष कोणाचा? अब्बांच्या बापाने एका सावकाराचं गलबत ह्याच कारणासाठी अडवून धरलं होतं म्हणे. आता अब्बांनी बदक अडवून धरलं. ड्रायव्हर हसला, मग अब्बांचा चेहरा बघून गेला. थोड्या वेळाने तो अर्बाबांचा निरोप घेऊन आला, की हे बदक माझ्याकडे आल्यापासून पाण्याला लागलेलं नाही, रंग जाईल, सगळी किंमत त्या जुन्या रंगात आहे, यल्ला, चला, पाठवून द्या. अब्बा म्हणाले, "त्यांना सांग, पाण्यावर टाकल्याबिगर मना देता येत नाय."

मग बदक आमच्याच घरी राहिलं. आपाच्या शिलाई मशीनवर बसायचं आणि तिच्याकडे बघायचं. नमाजेच्या वेळी आई त्याच्यावर ओढणी टाकायची, कारण समोर मूरत असली तर नमाज होत नाही. नमाज संपली की ओढणी काढून म्हणायची, "आता बघ बाई तू." बदक मादी आहे हे आईनेच ठरवलं होतं. पण रात्री जेवायला बसलं की गोष्ट वेगळी. आईच्या मनात एकच चाललेलं, की अर्बाबांनी कपाट उघडून पासपोर्ट हातात ठेवले आणि गावी जा म्हणाले तर? आपाचं लग्न इथेच, सीबमध्ये, आमच्याच तालुक्यातल्या मुलाशी ठरत होतं. "एका लाकडाच्या पाखरापायी घर बुडवतास काय?" आईने शेवटी विचारलं. अब्बा म्हणाले, "पाखरू नाय. माजा हात हाय त्यात." मग माझ्याकडे वळले. "आनि ह्याचा. मना ठाव हाय, नाक जड झालंय. साग घातलाय ह्याने." मी म्हणालो, "नाय झालं." ते म्हणाले, "पाणी सांगंल." आम्ही दोघेही एकाच मुशीतले होतो, त्यामुळे भाकरी गार होईपर्यंत कोणी हात पुढे केला नाही.

अर्बाब आले ते गुरुवारी, एकटे, ड्रायव्हरशिवाय. आईने त्यांना जेवायला बसवलं. बांगड्याचं कालवण त्यांनी भाकरीशी इतकं मन लावून खाल्लं, की मला आशा वाटली. हात धुऊन झाल्यावर ते म्हणाले, "मिस्त्री, तुम मेरे भाई जैसा है। मेरी चीज़ दे दो।"

"लेके जाओ अर्बाब। पानी में डालके।"

"ये पानी के लिए नहीं, देखने के लिए है।"

"नीचे सीसा लगाया है," अब्बा म्हणाले. "देखने का चीज़ को सीसा कौन लगाता है?"

दाराआडून आईचा आवाज आला, आमच्या बोलीत. "विचारा त्यांना, त्या बिचारीला पाण्यात त्यांनी कवा बघितलं तरी हाय काय?" मी हिंदीत सांगितलं. अर्बाबांनी रुमालाने हात पुसले, परत पुसले. "नहीं," ते म्हणाले. "कभी नहीं देखा।" मग बराच वेळ ते मशीनवरच्या त्या बदकाकडे बघत राहिले. आणि उठताना, आवाज न चढवता, त्यांनी जे सांगितलं ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. "कल सुबह, अझैबा के खोर में। मगर मिस्त्री, रंग गया, या ये डूबा, तो तुम्हारा यहाँ काम खलास। सबका।" अब्बा म्हणाले, "मंज़ूर।" आत आईच्या हातातलं भांडं पडलं.

अझैबाला तेव्हा आजच्यासारख्या इमारती नव्हत्या. वाळू, थोडी खुरटी झुडपं, आणि समुद्राचं पाणी आत शिरून झालेलं उथळ खोर. थंडीचे दिवस. अर्बाब शाल पांघरून आले होते. आम्ही तिघे झुडपांच्या कडेला उतरलो. अब्बांनी बदकाच्या पोटाखालच्या कडीला दोरी बांधली, गुडघाभर पाण्यात गेले, बिस्मिल्ला म्हणाले, आणि होडी सोडतात तसे दोन्ही हात हळूच खालून काढून घेतले.

ते बदक पाण्यावर बसलं ते मी कसं सांगू! फळीवर ठेवलेलं ते वेगळं होतं. पाण्याने त्याला उचललं आणि त्याच्यात जीव आला. लाट आली की ते छाती वर करायचं, लाट गेली की शेपूट टेकवायचं, वाऱ्याकडे आपोआप तोंड फिरवायचं. शंभर वर्षांपूर्वी कुठल्या तरी थंड गावात, चुलीशी बसून, एका म्हाताऱ्याने हे सगळं त्या लाकडात आधीच भरून ठेवलं होतं, आणि ते इतकी वर्षं फळीवर मुकं बसून राहिलं होतं. रंगाचा टवकाही उडाला नाही. मी अर्बाबांकडे बघितलं. त्यांची शाल खांद्यावरून पाण्यात घसरली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

आणि तेव्हाच मला दिसलं, की बदकाची मान थोडी खाली गेली आहे. फार नाही, बोटभर. चोचीचं टोक पाण्याला टेकत होतं. दर लाटेला ते वाकून पाण्याला लागायचं आणि वर यायचं. अब्बांनीही बघितलं. काठावर येऊन ते माझ्या शेजारी उकिडवे बसले. "नाक जड हाय," ते म्हणाले. "काढायची चोच. पेटीचं लाकूड घालायचं." त्यांनी दोरी ओढून घ्यायला हात आवळला.

अर्बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

वरून आवाज आला, शिट्टी मारताना दम संपावा तसा बारीक. मान वर न करता मी डोळे वर केले. समुद्राकडून पाच-सहा पक्षी येत होते, लांब मानेचे, टोकदार शेपटीचे. नंतर कळलं की त्यांना आपल्याकडे तलवार बदक म्हणतात, आणि हीच जात तिकडेही असते, त्या म्हाताऱ्याच्या दलदलीतही. ते आमच्यावरून एक फेरी मारून गेले. परत आले. पंख उलटे धरून, पाय पुढे काढून, एकापाठोपाठ एक पाण्यावर उतरले. आमच्या बदकापासून हातभर अंतरावर. पाण्याला रेघा पडल्या आणि मिटल्या. त्यांच्या पंखांवरचं पाणी निथळताना मला दिसत होतं. मी जन्मात त्याआधी आणि त्यानंतर इतका गप्प बसलेलो नाही.

एक मादी पुढे आली. आमच्या बदकाभोवती वळसा घालून त्याच्या अगदी शेजारी थांबली. लाट आली, आमच्या बदकाने वाकून सागाची चोच पाण्याला लावली. मादीने बघितलं. मग तिनेही मान वाकवली, चोच पाण्यात घातली, आणि पाणी प्यायली. बाकीच्यांनी एकेक करून माना खाली घातल्या आणि ते चरायला लागले, निवांत, घरच्यासारखे.

"सुभानल्ला," अर्बाब ओठातल्या ओठात म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात उचलावा तर पक्षी उडतील म्हणून त्यांनी ते तसेच वाहू दिले. माझ्या पायांत थंडीने मुंग्या आल्या होत्या. मी जरा वजन बदलायला गेलो, तर अब्बांचा जाड पंजा माझ्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला. "हलू नको," ते कुजबुजले. "पावणे हायत."

पाहुण्यांनी घाई केली नाही. सूर्य वर आला, खोरातलं पाणी पांढरं झालं, आणि पोट भरल्यावर ते आपले आपण उडून गेले. मग अब्बांनी दोरी हळूहळू ओढली, बदक काठाला घेतलं, आपल्या सदऱ्याच्या टोकाने त्याची पाठ टिपली, पोट टिपलं. चोचीपाशी आले तेव्हा थांबले. अंगठा तिच्यावरून दोनदा फिरवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघताच म्हणाले.

आणि त्यांनी दोरीचं टोक अर्बाबांच्या हातात दिलं. अर्बाबांनी मला विचारलं, "क्या बोला मिस्त्री?"

मी म्हटलं, "बोलते हैं, काम हो गया। अब ले जाओ।"